उघडे छत आणि दिसणाऱ्या तुळया

नव्या घराच्या बांधणीत एक दिवस असा येतो, की भिंती वळचणीपर्यंत उभ्या राहिलेल्या असतात, आढे चढलेले असते, वासे बसलेले असतात आणि कौले अजून यावयाची असतात. घरातील माणसे त्या सांगाड्याखाली उभी राहून वर पाहतात. लाकडाच्या त्या सरळ, रेखीव जाळीतून आकाश दिसते आणि मनात सहज विचार येतो, की हे सर्व छताच्या फळ्यांखाली झाकून का टाकावयाचे? ते असेच उघडे ठेवले तर खोली उंच वाटेल, फळ्यांचा खर्च वाचेल आणि सुताराची कारागिरीही डोळ्यांसमोर राहील.

हा विचार चुकीचा नाही. भारतातील असंख्य घरांत आढे, वासे आणि तुळया पिढ्यान्‌पिढ्या उघड्याच राहिलेल्या आहेत. परंतु ज्या घरात त्या उघड्या ठेवल्या गेल्या, तेथे त्यामागे हवामानाची, साहित्याची आणि बांधणीची काही ठरावीक कारणे होती. ती कारणे न समजता केवळ रूपाचे अनुकरण केले, तर घर उन्हाळ्यात तापते, थंडीत गारठते आणि क्वचित प्रसंगी भिंतीच बाहेरच्या बाजूला झुकू लागतात. म्हणून छत झाकावे की उघडे ठेवावे, हा प्रश्न केवळ आवडीचा नसून पदार्थविज्ञानाचाही आहे.

छताचा सांगाडा

उतरत्या छपराचे प्रमुख घटक थोडेच असतात. दोन्ही पाखी जेथे मिळतात, त्या सर्वांत उंच रेषेवर आढे असते. आढ्यापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत उतरणारी लाकडे म्हणजे वासे. वाशांवर आडव्या ठोकलेल्या बारीक पट्ट्या म्हणजे रिपा, आणि रिपांना अडकवून बसविलेली कौले हे छपराचे बाह्य आवरण होय. गाळा मोठा असेल, तर मधूनमधून कैच्या उभ्या करतात. कैचीच्या दोन तिरप्या भुजा आणि त्यांची खालची टोके जोडणारी आडवी तुळई मिळून एक त्रिकोण तयार होतो.

आज ज्यास मंगलोरी कौल म्हणतात, त्याचा प्रसार गेल्या दीडशे वर्षांतील आहे. बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरजवळील जेप्पू येथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. यंत्राने दाबलेली, एकमेकांत अडकणारी ही कौले पश्चिम किनाऱ्यावर व पुढे देशभर पोहोचली. त्यापूर्वीच्या नळीच्या कौलांपेक्षा ती सरळ बसत आणि छपरास उतार थोडा कमी असला तरी चालत असे. कोकण, गोवा, कर्नाटक व केरळ या भागांतील घरांच्या छपरास आज जे रूप दिसते, ते बरेचसे या कौलामुळे आले आहे.

सपाट छपराची परंपरा वेगळी आहे. पुण्याच्या जुन्या वाड्यांतून जवळजवळ मांडलेल्या कड्या आणि त्यांवर फळ्या अशी कडीपाटाची रचना असे. मद्रासकडील गच्चीत सागाच्या कड्या सुमारे अर्ध्या मीटरच्या आत एकमेकींशेजारी ठेवून त्यांवर पातळ विटा चुन्यात उभ्या कडेवर, तिरप्या ओळींनी बसवीत आणि वर चुना व विटांच्या तुकड्यांचा थर ठोकून घट्ट करीत. या दोन्ही प्रकारांत खालून पाहिले असता कड्या स्पष्ट दिसत. त्या दिसाव्यात म्हणून वेगळी योजना केलेली नसे. कडी आणि तिच्यावरील फळी अथवा वीट हेच छत होते.

तुळई वाकते म्हणजे काय होते

दोन टोकांवर टेकलेल्या तुळईवर भार आला, की ती किंचित खाली वाकते. त्या वेळी तिच्या वरच्या भागातील तंतू दाबले जातात आणि खालच्या भागातील तंतू ताणले जातात. मध्यावर एक थर असा असतो, की तो दाबलाही जात नाही आणि ताणलाही जात नाही. मध्यापासून तंतू जितके दूर, तितका त्यांवरील ताण वा दाब अधिक आणि भार पेलण्यात त्यांचा वाटाही अधिक. तुळई उभ्या कडेवर ठेवण्याचे कारण हेच होय.

१०० मिलिमीटर रुंद व २०० मिलिमीटर उंच अशी एक तुळई घ्यावी. तीच तुळई आडवी टाकली, म्हणजे तिची रुंदी २०० व उंची १०० मिलिमीटर होते. लाकूड तेवढेच, वजनही तेवढेच. परंतु तुळईची भार सोसण्याची शक्ती रुंदीच्या प्रमाणात आणि उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे उभी तुळई आडवीपेक्षा दुप्पट भार सोसते. न वाकण्याचा गुण तर उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून त्याच भाराखाली उभी तुळई आडवीच्या केवळ एकचतुर्थांश वाकते. तुळईच्या बळाचा असा हिशेब प्रथम मांडणाऱ्यांत गॅलिलिओचे नाव येते. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने उंचीच्या वर्गाचा हा संबंध बरोबर ओळखला होता. तंतूंतील ताण आणि दाब यांची वाटणी मात्र त्याला अचूक सापडली नव्हती. ती दुरुस्ती पुढील दीडशे वर्षांत इतर शास्त्रज्ञांनी केली.

लांबीचा परिणाम याहूनही तीव्र असतो. तुळईच्या प्रत्येक मीटरवर सारखाच भार आहे असे मानले आणि तिचा गाळा दुप्पट केला, तर तिला वाकवू पाहणारा जोर चौपट होतो आणि प्रत्यक्ष वाक सोळा पट होतो. तीन मीटरच्या खोलीत उत्तम चाललेली तुळई सहा मीटरच्या दालनात का चालत नाही, याचा उलगडा या एका आकड्यात होतो. कौलांसारखे ठिसूळ आवरण असेल, तेव्हा तुळईचा वाक गाळ्याच्या ३६० व्या भागाहून अधिक नसावा अशी मर्यादा अभियंते सामान्यतः पाळतात. चार मीटरच्या गाळ्यात ही मर्यादा अवघी ११ मिलिमीटर येते. शिवाय लाकडाचा वाक पहिल्या दिवशी पूर्ण होत नाही. सततच्या भाराखाली तो वर्षानुवर्षे सावकाश वाढत जातो, आणि लाकूड ओले असताना वापरले असेल तर फारच वाढतो. झाकलेल्या छतात हा वाक कोणाच्या दृष्टीस पडत नाही. उघड्या छतात मात्र तो रोज डोळ्यांपुढे असतो. म्हणून दिसणारी तुळई केवळ न मोडण्याइतकी बळकट असून भागत नाही. ती न वाकण्याइतकी ताठही असावी लागते.

त्रिकोणाची तिसरी बाजू

उघड्या छताच्या हौसेपायी सर्वांत घातक चूक घडते ती कैचीच्या आडव्या तुळईच्या बाबतीत. खोलीत उभे राहून वर पाहणाऱ्यास ही तुळई अडथळ्यासारखी वाटते. तिच्यावर कौले टेकलेली नसतात, वासेही टेकलेले नसतात. दोन भिंतींच्या मधोमध ती नुसतीच आडवी गेलेली दिसते. ती काढून टाकली तर आढ्यापर्यंतची पोकळी मोकळी होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे.

हीच तुळई घराला एकत्र धरून ठेवीत असते. वरच्या टोकाशी एकमेकांस टेकलेले दोन वासे भाराखाली पाय फाकू पाहतात. जमिनीवर उभी केलेली घडीची शिडी गुळगुळीत फरशीवर जशी दोन्ही बाजूंस सरकू लागते, तसाच हा प्रकार आहे. शिडीच्या पायांना बांधलेली दोरी त्यांना थांबविते. कैचीत ते काम आडव्या तुळईचे असते. ती भार वाहत नाही, ताण वाहते.

हा ताण किती असतो, ते एका साध्या उदाहरणाने समजेल. घराचा गाळा ६ मीटर आणि छपराचा उतार ३० अंश आहे असे मानावे. म्हणजे आढे भिंतीच्या माथ्यापासून सुमारे १.७३ मीटर उंच येईल. कौले, रिपा, वासे आणि वर चढणाऱ्या माणसाचा भार मिळून आडव्या मोजमापाच्या दर चौरस मीटरला १०० किलोग्रॅम धरले आणि वाशांच्या जोड्या एकेक मीटरवर ठेवल्या, तर प्रत्येक जोडीमागे भिंतीवर सरळ खाली येणारे वजन ३०० किलोग्रॅम होते. त्याच वेळी प्रत्येक वासा भिंतीला बाहेरच्या दिशेने सुमारे २६० किलोग्रॅमच्या जोराने ढकलीत असतो. भिंत दहा मीटर लांब असेल, तर तिच्या माथ्यावर एकूण सुमारे २,६०० किलोग्रॅमचा आडवा रेटा पडतो. उतार २० अंशांचा केला, तर प्रत्येक वाशाचा रेटा ४१० किलोग्रॅमच्या वर जातो. छप्पर जितके चपटे, तितका रेटा मोठा.

विटांची किंवा दगडांची भिंत वरून येणारे वजन उत्तम सोसते, पण माथ्यावरील आडवा रेटा सोसण्यास ती फार दुबळी असते. आडवी तुळई कापल्यावर भिंत त्याच दिवशी पडते असे नाही. प्रथम आढे किंचित खचते, मग कौलांच्या ओळी वेड्यावाकड्या होतात, पावसाचे पाणी आत येऊ लागते, आणि काही काळाने भिंतीच्या माथ्याशी लांब आडवी भेग दिसते. तोवर घरातील माणसे गळती कौलांची समजून कौलेच बदलीत राहतात. दोष मात्र त्रिकोणाच्या हरवलेल्या तिसऱ्या बाजूत असतो.

आढ्यापर्यंत मोकळी जागा हवीच असेल, तर तिच्यासाठी योग्य मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे आढेच एवढे मजबूत करणे, की वाशांची वरची टोके त्यावर पूर्णपणे टांगली जातील. असे आढे दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींवर किंवा खांबांवर टेकते. त्याला खाली जाऊ दिले नाही, म्हणजे वासे पाय फाकीत नाहीत. मात्र असे आढे मोठ्या तुळईप्रमाणेच हिशेब करून ठरवावे लागते. दुसरा मार्ग लोखंडी सळईचा. जाड लाकडाऐवजी बारीक सळई तोच ताण सहज सोसते आणि नजरेला जवळजवळ जाणवत नाही. तिसरा मार्ग आडवी तुळई थोडी वर उचलून बसविण्याचा. यात डोक्यावर जागा मिळते, परंतु तुळईच्या खालचा वाशाचा भाग वाकू लागतो, म्हणून वासे अधिक जाड घ्यावे लागतात. यांपैकी कोणताही मार्ग घर बांधण्यापूर्वी निवडावयाचा असतो. बांधून झालेल्या घरातील आडवी तुळई अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय कापणे कधीही योग्य नाही.

भूकंपाने दिलेले दोन धडे

छपराचे वजन आणि त्याची बांधणी यांना किती महत्त्व आहे, हे भारतातील दोन भूकंपांनी दाखवून दिले. १२ जून १८९७ रोजी आसाम व आसपासच्या प्रदेशात झालेल्या प्रचंड भूकंपात दगडविटांच्या इमारती कोसळल्या. त्यानंतर तेथे लाकडी चौकट, वेताच्या जातीच्या गवताच्या कुडांवर लिंपलेल्या हलक्या भिंती आणि वर पत्र्याचे हलके छप्पर अशी घरे रूढ झाली. आसामी पद्धतीची घरे म्हणून ती आजही ओळखली जातात. चौकट एकसंध आणि छप्पर हलके असल्यामुळे धक्का बसला तरी ती लवतात आणि सावरतात.

याच्या उलट अनुभव ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी व परिसराच्या भूकंपाने दिला. तेथील घरांना मातीत बसविलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती होत्या आणि लाकडी कड्याफळ्यांवर मातीचा जाड थर दिलेली माळवदे होती. उन्हाच्या दृष्टीने हे छप्पर फार सुखद असते. परंतु अर्धा मीटर मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ८०० किलोग्रॅम भरते. मंगलोरी कौलांचे वजन रिपांसह त्याच क्षेत्रावर ६५ किलोग्रॅमच्या आसपास असते. पहाटेच्या झोपेत त्या दगडमातीखाली हजारो माणसे दगावली. कित्येक घरांत लाकडी खांबांवर उभा असलेला छपराचा सांगाडा तगून राहिला आणि सभोवतालच्या भिंती तेवढ्या ढासळल्या, असेही तेथे दिसून आले. लाकडाचे खांब, तुळया आणि त्यांचे सांधे नीट बांधलेले असतील, तर ते घराचे रक्षण करतात. म्हणून भूकंपप्रवण प्रदेशात उघड्या छताचा विचार करताना तुळईचे टोक भिंतीत नुसते खुपसून ठेवणे पुरेसे नाही. भिंतीच्या माथ्यावर सर्व बाजूंनी फिरणारा सलग पट्टा असावा आणि तुळया त्यास जखडलेल्या असाव्यात.

उन्हाचा मार्ग

भारतीय घराचे छत झाकण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ऊन. उन्हाळ्याच्या दुपारी कौल किंवा पत्रा हवेपेक्षा पुष्कळच अधिक तापतो. कौल पातळ असल्याने उष्णता थोड्याच वेळात त्याच्या खालच्या बाजूस पोहोचते. तेथून ती खोलीत दोन वाटांनी उतरते. एक वाट हवेची आणि दुसरी प्रारणाची, म्हणजे किरणांच्या रूपाने. गरम हवा वरच राहू पाहते, त्यामुळे उंच छताखाली तिचा उपद्रव कमी होतो. प्रारण मात्र हवेची पर्वा न करता सरळ खाली येते. कौल किंवा लाकूड यांसारख्या पदार्थाचा एक चौरस मीटर पृष्ठभाग ३५ अंश सेल्सिअसला असताना सुमारे ४६० वॅट प्रारण बाहेर टाकतो. तोच पृष्ठभाग ५० अंशांना पोहोचला, की हे प्रारण सुमारे ५५५ वॅटपर्यंत जाते. माणसाच्या त्वचेचे तापमान ३४ अंशांच्या जवळपास असते. म्हणून तापलेल्या छपराखाली बसलेल्या माणसास, हवा फारशी गरम नसली तरी, डोक्यावर निखाऱ्याची धग जाणवते.

छताला फळ्यांचे आवरण दिल्याने या वाटेत दोन अडथळे उभे राहतात. पहिला अडथळा कौल व फळी यांमधील हवेचा आणि दुसरा लाकडाचा. लाकूड हे उष्णतेचे मंद वाहक आहे. २५ मिलिमीटर जाडीची फळी उष्णतेला जेवढा विरोध करते, तेवढा विरोध १०० मिलिमीटर जाडीचे काँक्रीटही करीत नाही. केरळच्या जुन्या घरांत कौलांखाली लाकडी पाटणी घालीत आणि छपराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणांत जाळीदार झरोके ठेवीत. वरच्या पोकळीत तापलेली हवा त्या झरोक्यांतून निघून जाई आणि तिच्या जागी वळचणीकडून थंड हवा येई. पाटणीखालची खोली त्यामुळे सुसह्य राही.

मग उघडे छत उष्ण प्रदेशात करूच नये काय? करावे, पण उष्णतेचा अडथळा तुळयांच्या खाली न ठेवता वर न्यावा. तुळया आणि वासे यांच्यावर प्रथम फळ्या ठोकाव्यात. फळ्यांवर खनिज लोकरीसारख्या उष्णतारोधक पदार्थाचा थर द्यावा. त्यावर रिपा उभ्या दिशेने ठोकून हवा खेळण्यापुरती फट ठेवावी आणि मग नेहमीच्या आडव्या रिपांवर कौले बसवावीत. खालून पाहणाऱ्यास तुळया, वासे आणि फळ्या दिसतात. ऊन मात्र वरच्या थरांत अडते. ५० मिलिमीटर खनिज लोकर २५ मिलिमीटर फळीच्या सुमारे सातपट विरोध करते. कौलांखाली चकचकीत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ताणला, तरी प्रारण पुष्कळ कमी होते. कारण असा चकचकीत पृष्ठभाग स्वतः फारच थोडे प्रारण टाकतो. त्याच्यासमोर हवेची फट मात्र हवी, आणि धूळ बसून तो मळला, की त्याचा गुण ओसरतो.

कोकणात व केरळात याहून साधी युक्ती वापरतात. वरच्या कौलांखाली चपट्या, नक्षीदार कौलांचा दुसरा थर घालतात. दोन थरांमधील हवा उष्णता अडविते, पावसाचे तुषार अडतात आणि खालून छत नीटनेटके दिसते.

स्लॅबच्या घरातही उघड्या छताची कल्पना वेगळ्या रूपाने आली आहे. १९४५ मध्ये भारतात आलेले आणि पुढे केरळात स्थायिक झालेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी स्लॅबच्या खालच्या भागात, जेथे काँक्रीट भार पेलण्यास फारसे उपयोगी पडत नाही तेथे, कौले बसविण्याची पद्धत लोकप्रिय केली. काँक्रीट व पोलाद यांची बचत होते, कौलांतील पोकळीमुळे उष्णता थोडी अडते आणि गिलावा न करता कौलांची रांग छतावर दिसू देता येते.

थंड प्रदेशातील प्रश्न

हिमाचल, काश्मीर किंवा दार्जिलिंगकडे प्रश्न उलटा होतो. तेथे खोलीतील ऊब टिकवावयाची असते. सहा मीटर रुंद व पाच मीटर लांब अशा खोलीत तीन मीटरवर सपाट छत असेल, तर आतील हवा ९० घनमीटर भरते. ३० अंश उताराचे छप्पर आढ्यापर्यंत उघडे ठेवले, तर ती सुमारे ११६ घनमीटर होते. या वाढलेल्या जागेत वर चढलेली ऊब बसणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

त्याहून गंभीर बाब पाण्याच्या वाफेची आहे. स्वयंपाक, आंघोळ आणि श्वासोच्छ्वास यांमुळे घरातील हवेत वाफ साठते. हवा २० अंशांना असून तिची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर ती हवा १२ अंशांपर्यंत थंड होताच वाफेचे पाणी होऊ लागते. थंड रात्री पत्र्याचा किंवा पाटीच्या दगडाचा खालचा भाग याहून कितीतरी थंड असतो. तेथे दव जमते, वाशांवर ठिबकते आणि लाकूड ओले राहते. म्हणून थंड प्रदेशात उष्णतारोधक थराच्या आतल्या, म्हणजे उबदार बाजूस वाफ अडविणारा पडदा लावतात आणि कौलांच्या खाली हवा खेळती ठेवतात.

लाकडाचे आयुष्य

तुळई उघडी असण्याचा एक मोठा लाभ क्वचितच सांगितला जातो. ती तपासता येते. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या बांधीत वर चढते. उघड्या लाकडावर ती नळी पहिल्याच आठवड्यात दिसते. झाकलेल्या छतात तुळई पोकळ झाल्यावरच वाळवीचा पत्ता लागतो. ओल, बुरशी, भेगा आणि सुटलेले सांधे यांनाही हेच लागू आहे.

लाकूड कुजविणारी बुरशी लाकडातील पाण्याचे प्रमाण साधारणतः २० टक्क्यांच्या खाली असेल, तर वाढू शकत नाही. म्हणून कोरडेपणा हेच लाकडाचे पहिले औषध होय. ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी भरपूर असते. ते ३० टक्क्यांच्या खाली उतरू लागले, की लाकूड आकसते, आणि सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. वार्षिक वलयांच्या दिशेने होणारे आकुंचन केंद्राकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या सुमारे दुप्पट असते. भेगा पडतात आणि तुळई पिळवटते ती यामुळेच. लाकूड आधीच नीट वाळवून घेतले, तर हे सर्व कारखान्याच्या आवारात घडून जाते, घरात घडत नाही. साग या कामी श्रेष्ठ मानला जातो, कारण तो कमी आकसतो आणि त्याच्या गाभ्यातील द्रव्ये किडीला व बुरशीला अडवितात. मात्र सागाचा बाहेरचा पांढरट भाग तितका टिकाऊ नसतो.

हलक्या प्रतीच्या लाकडास रसायनांचे संस्करण करावे लागते. या क्षेत्रात भारताचे नाव जगभर पोहोचलेले आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत काम करीत असताना सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण शोधून काढले. लाकडात मुरल्यावर ते पाण्याने धुऊन जात नाही. रेल्वे, विजेचे खांब आणि कुंपणे यांसाठी ते अनेक देशांत वापरले गेले. आर्सेनिक विषारी असल्यामुळे या शतकाच्या आरंभापासून अनेक देशांनी निवासी बांधकामात त्यावर बंधने घातली. घराच्या आतील, हाताला व श्वासाला जवळ असलेल्या तुळयांसाठी टाकणखार व बोरिक आम्ल यांचे मिश्रण अधिक सुरक्षित ठरते. ते पाण्याने धुऊन जाते हा त्याचा दोष, परंतु कोरड्या छपराखाली तो आड येत नाही.

आग

लाकूड जळते म्हणून लाकडी तुळई आगीत नेहमीच धोक्याची, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. जाड लाकडाचा बाहेरचा थर जळून कोळसा होतो आणि हा कोळसा आतील लाकडाचे उष्णतेपासून रक्षण करतो. त्यामुळे जळण्याचा वेग मिनिटाला सुमारे ०.७ मिलिमीटर एवढाच राहतो. १५० मिलिमीटर रुंद व २५० मिलिमीटर उंच तुळई तीन बाजूंनी अर्धा तास जळली, तरी तिची सुमारे ६० टक्के शक्ती शिल्लक राहते. ५० मिलिमीटर रुंद व १०० मिलिमीटर उंच असा वासा मात्र तेवढ्याच वेळात आपली नऊदशांश शक्ती गमावतो. पोलाद जळत नाही, पण ६०० अंशांना त्याची निम्म्याहून अधिक शक्ती नाहीशी होते. म्हणून उघड्या छतात थोड्या पण जाड तुळया ठेवणे, अनेक बारीक लाकडे ठेवण्यापेक्षा हिताचे असते. विजेच्या तारा लाकडावर उघड्या ठोकू नयेत. त्या बंद नळ्यांतून न्याव्यात. दिव्याची उष्णता लाकडास लागणार नाही, एवढे अंतरही राखावे.

आवाज आणि धूळ

उंच, मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. अमेरिकेतील वॉलेस सॅबिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले, की आवाज घुमण्याचा काळ खोलीच्या घनफळाच्या प्रमाणात वाढतो आणि आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागांच्या प्रमाणात घटतो. वरील उदाहरणातील खोलीचे घनफळ २९ टक्क्यांनी वाढते. शोषण तेवढेच राहिले, तर घुमण्याचा काळही तेवढाच वाढेल. सतरंज्या, पडदे आणि पुस्तकांची कपाटे यांनी तो आटोक्यात येतो. पत्र्याच्या छपरावर पावसाचा मारा होत असताना मात्र फळ्या आणि लोकर यांवाचून बोलणे ऐकू येणे कठीण जाते. नुसत्या कौलांखाली धूळ, कोळिष्टके आणि वाऱ्याबरोबर येणारे पावसाचे तुषार हे रोजचेच असतात. कौलांखाली फळ्या असल्या, की हा त्रास बराच कमी होतो. तुळयांच्या माथ्यावर साठणारी धूळ झाडण्यासाठी मात्र शिडी घरात ठेवावीच लागते.

निर्णय

छत उघडे ठेवण्याचा निर्णय घेणाऱ्या कुटुंबाने सुतारास बोलावण्यापूर्वी चार गोष्टींचा विचार करावा. वाशांचा रेटा कोण सोसणार आहे, ऊन किंवा थंडी कोणत्या थरात अडणार आहे, लाकूड किती कोरडे आहे, आणि तुळयांची टोके भिंतीस कशी जखडली आहेत. या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर उघडे छत हे घराचे भूषण ठरते. अलीकडे काही घरांत सपाट स्लॅबखाली पोकळ फळ्यांच्या नकली तुळया लावतात. त्या काहीच पेलीत नाहीत, म्हणून त्यांच्यासंबंधी वेगळा हिशेब करण्याचे कारण नाही. त्या घट्ट बसविल्या आहेत एवढे पाहिले, की पुरे.

खरी तुळई मात्र रात्रंदिवस काम करीत असते. घरातील मुले मोठी होतात, भिंतींचे रंग बदलतात, कौले उतरवून पुन्हा चढविली जातात. तुळई आपल्या जागी राहून तोच भार वाहत असते. ती डोळ्यांसमोर असली, तर घरातील मुलास एके दिवशी सहज प्रश्न पडेल, की हे एवढे मोठे छप्पर खाली का येत नाही? त्याचे उत्तर शोधू लागलेल्या मुलास स्थापत्यशास्त्राचा पहिला धडा आपल्याच घरात मिळेल.